पॅसिफिकमधला काटकोन

४ फेब्रुवारी

ताई,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: नकाशा उताणा घालायचं आठ फुटी टेबल, इतकं समतल की मधोमध गोटी ठेवली तर विचारात पडल्यासारखी तिथंच थांबते. नकाशाच्या वर-खाली लागणारे लाकडी रूळ, लेथवर काढलेले, टोकाच्या बोंडांसकट. कागद दाबायचा प्रेस. त्याचा मळसूत्री दांडा एका पुस्तकबांधणीवाल्याच्या मोडीतला, बाकी लाकूड, लोखंड, जोडकाम माझं. छताच्या कप्प्या, ज्यांवर माझे सगळे नकाशे गुंडाळून झोपलेले असतात. दोरी ओढली की हवा तो एकटाच खाली येतो, शेजारचा कूससुद्धा बदलत नाही. मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे झुरळं वास घेऊन आल्या पावली परत जातात. दुकानाची पाटी. दुकानाचं दार. संसार यात धरलेला नाही; तो तुझ्या भावजयीनं केला, मी हजर होतो.

यातलं काहीही कुणी शिकवलेलं नाही. बिघडवत शिकलो.

यादी देण्याचं कारण तुला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी आई गेल्यावर तू एकटीनं घर रिकामं केलंस आणि आपला नकाशा भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवलास. मी त्या दिवशी कामात होतो. संध्याकाळी फोनवर मी जे बोललो ते बोललो. त्यावर तू म्हणालीस, "तू आयुष्यात केलंस काय रे? लोकांनी टाकलेली फडकी गोळा केलीस." मला उत्तर सुचेना, म्हणून फोन ठेवला. पुढं तू सातासमुद्रापार निघून गेलीस आणि तूही केला नाहीस. मी इतके दिवस उत्तर जुळवत होतो असं समज.

'फडकी' हा शब्द मात्र चूक. भिंतीवरचा नकाशा म्हणजे शिळाछाप, दगडावरून छापलेला कागद, चार नाहीतर सहा ताव. ते मांजरपाटाच्या कापडावर खळीनं चढवायचे, वरून व्हार्निशचा हात, वर-खाली रूळ. साहेबाच्या राज्यात शाळेत, कचेरीत, कोर्टात, जिथं खुर्ची तिथं मागे एक नकाशा असायचा, त्याचं राज्य गुलाबी रंगात दाखवणारा. साहेब गेला, नकाशे उतरले. कुणी त्यांवर धान्य वाळत घातलं, कुणी गळक्या छपराखाली पसरले. मी ते उचलून आणतो आणि पुन्हा उभे करतो. फ्रेमा बनवतो ते पोटासाठी. हे कशासाठी ते मला सांगता येत नाही, पण ते फडकं गोळा करणं नव्हे.

तर मुद्दा असा की आपला नकाशा सापडला आहे. बहुतेक.

बहुतेक म्हणतो, कारण त्याच छापाच्या प्रती मी आजवर पुष्कळ पाहिल्या. जगाचा नकाशा, सव्वापाच फूट रुंद. प्रत्येक शाळेला तोच दिला होता. हा आपलाच, हे कशावरून? पुढची बाजू मला पाठ आहे. बाबा कारकून होते त्या शाळेनं माळा साफ केला तेव्हा त्यांनी तो उचलून आणला, कारण तू मोठी झालीस, पोरीला आडोसा हवा असं आईनं धरलं होतं आणि पडद्याचं कापड परवडत नव्हतं. त्या लांबलचक खोलीत तो आढ्याला टांगला. दिव्याच्या बाजूला आम्ही तिघं आणि पृथ्वी. मागच्या बाजूला तुझी ट्रंक, तुझं अंथरूण आणि तू.

मागे मी क्वचित आलो. आलो तेव्हा कापडावर टांगलेला तुझा फ्रॉक तेवढा दिसला. म्हणून सहज विचारतो, निव्वळ नोंदीसाठी: त्या बाजूला काही होतं का? डाग, पट्टी, लिहिलेलं, काहीही.

उत्तर द्यायची सक्ती नाही. नमस्कार वर लिहायचा राहिला, तो इथं घेणे.

तुझा धाकटा

२७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. मी त्याची वाट बघत नाही हे कळावं म्हणून हे दुसरं पत्र.

तुझी भावजय म्हणते, "प्रश्न विचारायचा तर आधी माणसाची चौकशी करावी." तर तू कशी आहेस? गुडघा कसा आहे? भाऊजींची झोप? झालं. आता नकाशा.

नाटकसिनेमांना सामान भाड्यानं देणाऱ्या एका माणसाचं गोदाम आहे. मी त्याला खोट्या जहागीरदारांच्या तसबिरींसाठी फ्रेमा करून देतो. तिथं तलवारी, सिंहासनं आणि डॉक्टरचे फोन यांच्यामागे तो उभा होता, रूळ वर, तोंड भिंतीकडं. मी तो फिरवला आणि खाली बसलो. जमिनीवरच, कारण तिथल्या खुर्च्या नुसत्या दाखवायच्या असतात.

"हा कधीपासून आहे तुमच्याकडं?"

"तो? पाचसहा वर्षं झाली. फार कामाचा आहे. हेडमास्तर झाला, कलेक्टर झाला, दोनदा जेलर झाला. सगळ्यांच्या मागं हाच."

"मागचं कापड नवीन दिसतंय."

"जुनं कुजलं होतं. खिडकीसमोर धरला की उजेड आरपार यायचा, कॅमेरावाला ओरडायचा. सोलून टाकलं आणि जाड कापड मारलं. छान बसलंय की."

छान बसलंय. त्यानं ते लाकडाच्या डिंकानं चिकटवलंय, ताई. मी तोंड मिटून घेतलं, नाहीतर तो मला मिळाला नसता. चार मोठ्या फ्रेमांच्या बदल्यात आणला आणि रिक्षातून उभा धरून घरी आलो, नवरी आणावी तसा. तुझ्या भावजयीनं दार उघडलं आणि म्हणाली, "या. ह्यांच्या आधी तुम्हीच आत या."

आता पुरावे. डाव्या खालच्या कोपऱ्याला तीन बोटं फाटलेलं आहे; आकड्यानं ओढून मी पहिलीत असताना फाडलं होतं ते तिथंच. आफ्रिकेवर दिव्याच्या काजळीचा तपकिरी ढग आहे. पण फाटणं आणि काजळी कुणाच्याही नशिबी असू शकते. तिसरा पुरावा खरा. पॅसिफिकमधली रेघ.

तुला ती माहीत नसेल, कारण ती पुढून दिसायची. त्या रिकाम्या निळ्यात, जिथं छापणाऱ्याला लिहायला काही उरलं नव्हतं, तिथं एक काळी तुटक रेघ सरळ खाली यायची, काटकोनात वळायची, आडवी जायची, पुन्हा काटकोनात वळून वर जायची. बोटींचे मार्ग त्या नकाशावर असेच तुटक दाखवलेत. मी त्या रेघेवरून किती प्रवास केला ते तुला कधी सांगितलं नाही. जेवताना, आजारात, बाबा रागावले असताना. खाली उतरायचं, वळायचं, वर चढायचं. घरी परत.

मोठा झाल्यावर मी त्या छापाची प्रत्येक प्रत तपासली. कुठंच ती रेघ नाही. बोटी काटकोनात वळत नाहीत हे मलाही कळतं, म्हणून मी अभ्यास केला आणि संग्राहक मंडळाच्या त्रैमासिकात लेख लिहिला: ती बोटीची वाट नव्हे, समुद्राखालच्या तारेची आखणी आहे. साहेबानं तार टाकायची योजना केली, पहिल्या काही प्रतींत छापली, योजना बारगळली, रेघ दगडावरून पुसली. आपल्या घरी होती ती त्या पहिल्या काहींपैकी. लेखाला विरोध एकाचाच झाला, कर्नलचा. तो फौजेत कधी नव्हता, मिशीमुळं कर्नल. नकाशे घेतो, विकतो, आणि मी फ्रेमवाला आहे हे प्रत्येक बैठकीत एकदा तरी आठवण करून देतो. त्यानं लिहिलं, "सदर लेखकाच्या बालपणाखेरीज अन्य पुरावा उपलब्ध नाही." सभेत लोक हसले. मी ते वाक्य कात्रण करून ठेवलं आहे.

आणि आता पुरावा माझ्या टेबलावर पडलेला आहे. रेघ तिथंच आहे. एवढंच की तिथं शाई उरलेली नाही, बारीक भोकं आहेत ओळीनं. काही शाया कागद खातात, हे कुठल्याही जाणकाराला माहीत असतं.

तुझं बोटही आठवलं. मी पुढून गाव पुकारायचो आणि तू मागून, न बघता, बोट दाबायचीस. कापडाला फुगवटा यायचा आणि तो त्या गावाच्या डोक्यावरच उगवायचा. तू नकाशा उलटा पाठ केला होतास. बाबा म्हणायचे, "ही पोर जगाला पाठीमागून ओळखते." फक्त पॅसिफिकमधलं बेट पुकारलं की तू म्हणायचीस, "तिकडं नाही. दुसरं सांग." मला वाटायचं, तुला येत नाही. ते गुण मी माझ्या नावावर लावायचो.

मागच्या बाजूला काय होतं, एवढं कळव.

धाकटा

२१ मार्च

ताई,

पत्र मिळालं. एवढ्याशा कागदावर एवढं मावतं हे मला माहीत नव्हतं.

तू लिहिलंस: "मागं मांजरपाट होता, आणि माझा खिसा." ते वाक्य मी उभ्यानं वाचलं आणि पुढचं बसून.

तू लिहिलंस की मी तुझ्या रिबिनी पतंगाच्या शेपटीला लावायचो, तुझ्या पेन्सिली कुरतडायचो, म्हणून तू रडलीस, आणि आईनं एका दुपारी बाबांच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड घेतलं, पोती शिवायचं दाभण आणि काळा दोरा घेतला आणि नकाशाच्या मागं तुला खिसा शिवून दिला. तीन बाजू शिवलेल्या, वरून उघडा. त्यावर फ्रॉक टांगायचा, म्हणजे मला दिसणार नाही. "काटकोन आईचा आहे, साहेबाचा नाही. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की हे आत आले, आणि ते आत आल्यावर मला रडू आलं."

मी तुझ्यावर लगेच विश्वास ठेवला असं समजू नकोस. माणसाची आठवण हा पुरावा नव्हे, हे मला कर्नलनं शिकवलं आहे. मी दिवा जवळ घेतला, भिंग घेतलं. शाईनं खाल्लेल्या भोकाची कड काळी आणि कुरतडलेली असते. या कडा स्वच्छ आहेत आणि पुढच्या बाजूला उचललेल्या. म्हणजे काहीतरी मागून पुढं आलं. हे मला गोदामातच दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी दुसरीकडं बघितलं होतं.

मग वरची दोन टोकं पाहिली, खिशाचं तोंड जिथं असणार ती. तिथं एकेक भोक नाही, तीन-तीन आहेत, एकमेकांना खेटून. आठवतं, माझ्या शाळेच्या पिशवीवर, बाबांच्या कोटाच्या खिशावर, आई शेवटी तीन टाके एकावर एक घालायची आणि दोरा दातानं तोडायची. "उसवतं ते टोकाकडून," म्हणायची. मी भिंग खाली ठेवलं. तुझी भावजय विचारायला आली, "काय, लागली का तार?" मी म्हटलं, "लागली." तिनं माझ्याकडं बघितलं आणि दिवा जरा जवळ सरकवून परत गेली.

तर नकाशा आपलाच आहे. आणि माझा लेख, टिपांसकट चौदा पानांचा, आईच्या शिवणीवर लिहिलेला आहे.

मी पुढच्या बाजूनं प्रवासाला निघायचो तेव्हा तुझी कंगवी, रिबिनी आणि आरशाचा तुकडा माझ्या नाकासमोर, एका कागदापलीकडं होते. हे मला अजून पचत नाही. मी इतकी वर्षं तिथं समुद्राची खोली किती ते वाचत होतो.

आता पत्राची दुसरी बाजू, जी तू तिरकी लिहिलीस. तुझ्या लग्नानंतर आडोशाची गरज उरली नाही, म्हणून आम्ही नकाशा भिंतीला ठोकला. बाबांनी कडेनं ताणून धरला, खिळे मी मारले. मागं बघितलं नाही. घर रिकामं करायला आलीस तेव्हा खिळे तू उपटलेस आणि तुझा खिसा तुला सापडला, भिंतीच्या ओलीनं काळा-हिरवा झालेला, आत रिबीन आणि कंगवी तशीच, चपटी. "त्या घरात दार माझं नव्हतं, खिडकी माझी नव्हती. वीतभर खिसा होता. तो न रिकामा करता तुम्ही भिंतीत चिणलात, आणि मी आले की त्याच नकाशासमोर बसवून चहा दिलात. म्हणून हातगाडीवर ठेवला. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारायला तिथं नव्हतास. तू दुसऱ्या गावी नकाशा आणायला गेला होतास."

हो. ते 'काम' म्हणजे कालव्यांचा नकाशा होता. पाटबंधाऱ्याची जुनी कचेरी त्याच दिवशी मोडीत निघाली. सहा ताव, अस्सल रूळ, अवस्था उत्तम. दुसऱ्या दिवशी मिळाला नसता. मला वाटलं होतं, घर काय, घर एक दिवस थांबेल.

यापुढं मला आज लिहिता येत नाही. डिंक सोडवायला कोमट पाण्याची पट्टी घालून ठेवली आहे, ती बघायची आहे.

धाकटा

१४ एप्रिल

ताई,

डिंक निघाला. कसा काढला ते सांगत नाही, तू जांभया देशील. नकाशा आता नुसता कागद आहे, टेबलावर पालथा. तुझी बाजू वर. तिथं मांजरपाट नाही, पण जिथं खिसा होता तेवढा चौकोन बाकी कागदापेक्षा उजळ आहे, भिंतीची ओल तिथं छत्रीच्या कापडानं अडवली म्हणून. हाताचा पंजा ठेवला तर झाकला जातो. माझा. तुझा तेव्हा दोनदा मावला असता.

कर्नल येऊन गेला. नाटकाच्या सामानवाल्याला पोटात काही ठेवता येत नाही.

"काय फ्रेमवाले," दारातूनच. "काटकोन सापडला म्हणे."

"सापडला."

"बघू तरी. की बालपणातच बघायचा?"

मी नकाशा सुलटा केला. त्यानं स्वतःचं भिंग काढलं, तो दुसऱ्याचं वापरत नाही. बराच वेळ वाकून होता. मिशी कागदाला लागू नये म्हणून एका हातानं धरली होती, हे मात्र मला आवडलं. उठला तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता.

"आहे की हो. खरंच आहे. आजवर मी तुम्हाला काय काय बोललो."

ताई, मी या वाक्याची पाच वर्षं वाट पाहिली. मनात त्यावरची माझी उत्तरंही तयार होती, त्यातली दोन चांगली होती. आणि तोंडातून निघालं भलतंच.

"तो तारेचा नाही, कर्नलसाहेब. खिशाचा आहे."

"कसल्या खिशाचा?"

"माझ्या बहिणीच्या. आईनं मागून शिवला होता."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी भोकांच्या कडा दाखवल्या, टोकाचे तीन टाके दाखवले, कागद पालथा करून उजळ चौकोन दाखवला. तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला आणि चहा मागितला, जो त्यानं माझ्याकडं आजवर कधी घेतला नव्हता. मग बशी खाली ठेवून म्हणाला,

"हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"बहिणीला माहीत आहे. ती लांब असते. इथं तुम्हालाच."

"बहीण त्रैमासिक वाचते?"

"छे."

"मग झालं तर. हे बघा, मी लिहितो. जाहीर. 'माझा विरोध चुकीचा होता, सदर लेखकाची दृष्टी अचूक होती.' माझ्या सहीनं. तुम्ही गप्प बसा, मी गप्प बसतो. मागं नवं कापड चढवा, तुमच्यासारखं कुणी चढवत नाही, आणि नकाशा मला द्या. माझ्याकडं याचं गिऱ्हाईक आहे. ते भोकं मोजत बसणार नाही, तुमचा लेख वाचून घेणार आहे." आणि त्यानं आकडा सांगितला.

तुला वाटेल, धाकट्यानं ताडकन नाही म्हटलं असेल. नाही. मी आतल्या खोलीत गेलो, पाणी प्यालो. तुझी भावजय पीठ चाळत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "काय करू?" ती म्हणाली, "मला काय विचारता? खिसा काही माझा नव्हता." आकड्यापेक्षा त्या सहीचा मोह मोठा होता, हे तुला सांगतो, तिला सांगितलेलं नाही. पाच वर्षं सभेत मागच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला पुढं या म्हणत होते.

बाहेर आलो आणि नाही म्हटलं. कर्नल म्हणाला, "विचार करा." मी म्हटलं, "केला." तो दारापर्यंत गेला, पाटीकडं बघितलं आणि म्हणाला, "पाटी छान लिहिलीय." उगीचच. माणूस अगदीच वाईट नाही.

त्रैमासिकाला दुरुस्ती पाठवली. मजकूर असा: "अमुक अंकातील लेखात वर्णिलेली पॅसिफिकमधील रेषा ही समुद्राखालील तारेची आखणी नसून लेखकाच्या आईने नकाशाच्या मागील बाजूस शिवलेल्या खिशाची शिवण आहे. चूक लेखकाची." शेवटची दोन पदं लिहायला एक दुपार गेली. 'अनवधानाची' असंही लिहून पाहिलं, खोडलं.

आता काम राहिलं नवं कापड चढवायचं. माझा बेत असा: मांजरपाट जुन्या विणीचा मिळवला आहे, काळ्या छत्रीचं कापडही. आईच्याच भोकांतून दाभण घालून खिसा परत शिवायचा. शिवण मला येत नाही, पण खळ तरी कुठं येत होती? चार दिवस जुन्या पोत्यावर सराव चालू आहे, दोन बोटांना चिंध्या बांधल्यात. नकाशा तयार झाला की तो तुझा. खोकं मी करतो, जहाजानं पाठवतो. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. तो आधीही तुझ्यासाठीच घरात आला होता, मी फक्त समोर बसत होतो.

धाकटा

९ मे

ताई,

तुझं पत्र. या खेपेला दोन कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले.

मुद्द्यांप्रमाणे उत्तर देतो.

एक. खिसा शिवू नकोस म्हणतेस. "मला आता खिसे पुष्कळ आहेत, आणि तुझ्या बोटांची चिंता वाटते." ठीक. दाभण परत ठेवलं. मला ते बरंच वाटलं, कारण पोत्यावर माझे टाके आईच्या टाक्यांसारखे येत नव्हते, एखाद्या जखमेसारखे येत होते. भोकं मी बुजवणार नाही. बुजवायची रीत मला येते, इतकी की तुला पुढून सापडणार नाहीत, म्हणूनच बुजवणार नाही. मागून तो उजळ चौकोन दिसावा अशी तुझी इच्छा असेल, तर तेवढी जागा सोडून कापड चढवतो. असं कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. कागद तिथं नाजूक राहील, बोट लावायचं नाही. तुला सांगतो, बाकीच्यांना तू सांग.

दोन. नकाशा पाठवू नकोस म्हणतेस. तुमच्याकडं भिंती पुठ्ठ्याच्या आहेत आणि भाऊजी म्हणतात, खिळा मारला तर पलीकडच्यांच्या घरात निघेल. डिसेंबरात तूच येतेस, महिनाभर राहतेस. खोली तयार आहे. दुकानाच्या वरची लांब खोली, तिच्या आढ्याला मी दोन कप्प्या लावल्यात. नकाशा मधोमध टांगतो, भिंतीपासून लांब, दोन्हीकडून फिरता येईल असा. तू लिहिलंस, "मी या वेळी पुढच्या बाजूला झोपणार. दिवा माझ्याकडं. तू मागं जा." तुझी भावजय हे वाचून म्हणाली, "आणि मी कुठं झोपायचं, समुद्रात?" ती तुझ्याकडच्या बाजूला येईल. मागे मी एकटा. गाव तू पुकार, मी बोट लावतो. मला उलटा नकाशा येत नाही, पण डिसेंबरला अवकाश आहे. काल कागद पालथा घालून सराव केला. तू कसं करायचीस देव जाणे. माझं प्रत्येक गाव समुद्रात पडलं.

तीन. फोनवर जे बोललो त्याबद्दल तू लिहितेस, "जाऊ दे." मी जाऊ देत नाही, कारण मी ते अजून परत घेतलेलं नाही. माझं बालपण तू भंगारात दिलंस असं मी म्हणालो होतो. ते वाक्य परत घेतो. 'फडकी' तू परत घे किंवा राहू दे, तुझी मर्जी.

चार. तू लिहिलंस, "नुसतं 'नाही म्हटलं' लिहू नकोस. तू लहानपणापासून मोठेपणा तेवढा सांगतोस आणि आकडा गाळतोस. कर्नल देत काय होता?"

सांगतो. एवढी रक्कम माझ्या दुकानात एकाच दिवशी कधी बोलली गेलेली नाही, म्हणून मी पाणी प्यायला आत गेलो होतो. त्यानं मागितलं ते असं: नकाशा, वर माझ्या हातचं नवं कापड, आणि खिसा कधी नव्हताच असं दोघांनी धरून चालायचं. बदल्यात त्याची जाहीर माफी आणि रोख साडेसात लाख. मी नाही म्हटलं.

धाकटा